दहाव्या माणसाची जागा

मित्रांनो, माझे तीन पाय सागवानी आहेत आणि चौथा मिळेल त्या लाकडाचा. तरी देवाच्या दयेनं मी डगमगत नाही. सिनेगॉगमधला, म्हणजे यहुदी लोकांच्या प्रार्थनामंदिरातला, दाराजवळचा जुना बाक तो मीच. एका सुताराची बायको मोठ्या दुखण्यातून उठली, म्हणून त्यानं मला घडवून इथं आणून ठेवलं. माझा जन्मच उपकार मानण्यातून झाला. तक्रार मला जमतच नाही.

माझ्यावर बसून मुलांनी हिब्रू अक्षरं गिरवली. किती बाळांची नावं मी त्यांच्या मामा-आत्यांच्याही आधी ऐकली! एका विधवेला शिवणयंत्र द्यायचं ठरलं, तेही प्रार्थनेनंतर माझ्याभोवतीच. आमचे हझ्झान, म्हणजे प्रार्थना गाणारे गुरुजी, उपदेशसुद्धा गाऊनच करीत. तो सूर माझ्या फळ्याफळ्यांतून फिरे. पेंगणारा जागा होई, आणि रुसलेला कुणी असेल तर तोही गुणगुणत घरी जाई.

माझ्या उजव्या टोकाला चाळीस वर्षं एक म्हातारे शिंपी बसत. ते वारले. आता त्यांच्या मुलानं, तोही शिंपीच, अकरा महिने रोज त्यांच्यासाठी कद्दीश ही प्रार्थना म्हणायची. त्या प्रार्थनेत मरणाचा शब्दही नाही, नुसती देवाची स्तुती. पण ती एकट्यानं म्हणता येत नाही. आमच्या रीतीनं दहा पुरुष जमावे लागतात. रोज येणारे उरले होते जेमतेम दहा. त्यातला दहावा नव्यानं राहायला आलेला घड्याळजी.

एका सकाळी तो नकळत त्या उजव्या टोकाला बसला. इथं प्रत्येकाची जागा ठरलेली असते, हे बिचाऱ्याला कोण सांगणार?

"उठा," शिंपी म्हणाला. "बाबांची जागा आहे ती."

"मग बाबांनाच बसवा," घड्याळजी म्हणाला, आणि टोपी सावरत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. माणसं अंकांनी मोजू नयेत, अशी आमची रीत. म्हणून गुरुजी दहा शब्दांचं एक वचन गात, माणसामागे एक शब्द. त्या दिवशी वचन नवव्या शब्दावर थांबलं. तिसऱ्या दिवशीही तेच. वर बायकांच्या सज्जातून शिंप्याची आई विचारी, "झाले का रे दहा?" आणि खाली सगळे आपापल्या चपलांकडे बघत. मला तर माझं मोकळं टोक फार जड वाटे.

चौथ्या दिवशीही वचन अडलं, तेव्हा गुरुजी शिंप्याजवळ आले. "तुझे बाबा तापातसुद्धा इथं येऊन बसत. कशासाठी? जागा राखायला? अरे, दुसऱ्या कुणाची कद्दीश अडू नये म्हणून."

शिंपी तसाच उठला. सदऱ्याला टोचलेली दोऱ्याची सुई काढायचंही त्याला सुचलं नाही. सगळे थांबून राहिले. दोन गल्ल्यांपलीकडच्या दुकानात तो काय बोलला, मला ठाऊक नाही. पण दोघं आले ते धापा टाकतच. घड्याळजी दाराशी घुटमळला, तशी शिंप्यानं माझ्यावर हात फिरवला.

"बसा, दादा. बाबांना रिकामी जागा कधी आवडली नाही."

तो बसला. गुरुजींनी दहावा शब्द असा लांबवून गायला, की माझ्या जुन्या सांध्यांतही बळ आलं. शिंपी उभा राहिला. पहिल्याच ओळीत तो अडखळला, आणि त्यानं ती पुन्हा सुरुवातीपासून म्हटली. मग ‘आमेन’ उठलं. घड्याळजीचं सगळ्यांत मोठं. वर सज्जात आईनं डोळ्यांना पदर लावला.

मित्रांनो, मला पॉलिश केलंत तर आनंदच आहे. पण माझी खरी निगा माणसांच्या बसण्यानं राहते. जिथं तुमच्यावाचून कुणाची प्रार्थना अडते, तिथं वेळेवर जा. आणि शेजारी नवं माणूस उभं दिसलं, तर थोडं सरकून घ्या.