धोंड्याच्या महिन्यातली पाठवणी

पोटची लेक महिनाभर राहायला म्हणून माहेरी आली आणि पंचफुलाबाईनं तिला दुसऱ्याच दिवशी परत धाडली. भांडून नाही, रुसून नाही. पोटभर जेऊ घालून, ओटी भरून, वर वेशीपर्यंत जाऊन हात हलवून धाडली. आता ही बाई उमरीच्या घरात बसून आपल्याच कपाळावर हात मारून घेते. त्यानं काय होणार आहे? पण तिला दुसरं काही सुचतही नाही.

झालं असं, की यंदा धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात आला. अधिक महिना आला की जावयाला बोलवायचं, पुरण भरलेले धोंडे करून वाढायचे, वाण द्यायचं, कपडे करायचे, ही रीत. श्रावणात आला असता तर ठीक होतं, पण हा पडला मे महिन्यात. सकाळी नऊनंतर उमरीच्या रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. असल्या दिवसांत माणसानं संध्याकाळी जेवावं तरी काय? ताकातली गार आंबील, हातानं फोडलेला कांदा, कैरीची चटणी, फार तर दही-धपाटे. पंचफुलाबाईच्या घरीही रोज तेच चाललं होतं. नवरा शेषेराव शेतातून आला की दोघं ओट्यावर बसून वाडगाभर आंबील प्यायची, गप्पा मारायची. चूल दुपारनंतर पेटतच नव्हती.

लेक शिवकन्या लातूरला दिलेली. जावई दयानंद तिथं बियाण्याच्या एका कंपनीत नोकरीला. लग्नानंतरचा त्यांचा हा पहिलाच धोंडा. शिवकन्येनं आधीच फोन करून सांगितलं होतं.

"आई, आम्ही येत्या रविवारी येऊन राहिलो. पण ऐक, धोंडेबिंडे काही करू नको. लई ऊन हाय. आंबील कर, धपाटे कर, आपण सगळे मिळून बसू. मला तुझ्यासंगं बोलायचंय."

"बोलू की माय. पण धोंड्याच्या महिन्यात जावयाला आंबील पाजू? येड लागलं का तुला?"

"त्यांना आवडते आई."

"त्यांना आवडंल. विहीणबाईनं इचारलं काय जेवून आलात, तर काय सांगशील?"

शिवकन्येनं तो विषय सोडून दिला. मग म्हणाली, "आई, मला खरंच बोलायचंय गं."

त्या 'खरंच'पाशी आईनं थांबायला पाहिजे होतं की नाही, तुम्हीच सांगा. पण पंचफुलाबाईच्या डोक्यात तोवर तिची जाऊ बबिता येऊन बसली होती. तीन वर्षांमागं बबितानं जावयाला धोंडा घातला तेव्हा सगळी गल्ली जेवली होती आणि अजून ती त्याचं वर्णन करून राहिली होती. तिच्या नाकावर टिच्चून काही करायचं तर ही वेळ. पंचफुलाबाईनं फोन ठेवला आणि हरभऱ्याची डाळ निवडायला घेतली.

शिवकन्येला काय सांगायचं होतं, ते मी आत्ताच सांगून टाकतो, उगाच झाकून ठेवण्यात काही मजा नाही. तिला दिवस गेले होते. तीन महिने पुरे झाले की आईला सांगायचं, असं तिनं मनाशी धरलं होतं. एप्रिलच्या काहिलीत, तिसरा महिना संपत आला असताना, सगळं गेलं. म्हणजे आईला एक गोड बातमी आणि तिच्याच मागोमाग ती गेल्याची बातमी, दोन्ही एकदम द्यायच्या होत्या. फोनवर कशी देणार? डॉक्टरीणबाईंनी महिनाभर विश्रांती सांगितली. दयानंदच म्हणाला, आईकडं ऱ्हा थोडे दिवस, तुला बरं वाटंल. तिला बाकी काही नको होतं. आईच्या मांडीवर डोकं ठेवून एकदा रडायचं होतं.

रविवारी दुपारी दोघं आली. दयानंदच्या हातात भलीमोठी बॅग होती.

"आगं माय, एका रातीसाठी एवढे कपडे?" पंचफुलाबाई म्हणाली आणि लगेच तिचा चेहरा खुलला. "बरं केलंस बाई. कुरडया-पापड्या नीट मावतील."

शिवकन्येनं दयानंदकडं बघितलं. त्यानं बॅग कोपऱ्यात ठेवली.

पंचफुलाबाईनं पदर खोचला तो खोचलाच. स्वयंपाकाची खोली पत्र्याची. दिवसभर तापलेला पत्रा संध्याकाळी सगळी धग खाली सोडत होता, त्यात गॅसवर एकीकडं कटाची आमटी, दुसरीकडं तेलाची कढई. बाईच्या कपाळावरचं कुंकू घामानं नाकावर उतरलं होतं. शिवकन्या दारात येऊन उभी राहिली, मग आत येऊन भिंतीला टेकून बसली.

"आई, दोन मिनिटं बस ना."

"बसते की. एवढं पुरण वाटून दे मला, मंग बसते."

पोरीनं पुरण वाटलं. ज्या पोरीला अंथरुणात पडून राहायला सांगितलं होतं, तिनं त्या भट्टीत बसून, आपल्याच नवऱ्याच्या धोंड्यासाठी, सगळं पुरण वाटून दिलं. हात थांबला की आई म्हणायची, "जोर लाव की गं, लातूरचं पाणी मऊ दिसतंय." आणि स्वतःच हसायची. तिला वाटत होतं, मायलेकी किती दिवसांनी एका ठिकाणी काम करतायत, याहून मोठं सुख कोणतं.

"आई, मला मागच्या महिन्यात..." शिवकन्येनं एकदा धीर केला.

तेवढ्यात कढईतला धोंडा फुटला. पुरण तेलात सांडलं, तेल उडायला लागलं. "मागं सर, मागं सर! मेलं हे तेल!" ते निस्तरेपर्यंत बबिता दोन बायकांना घेऊन वाण बघायला आली. पंचफुलाबाई तोंडभर हसत बाहेर गेली. मागच्या महिन्यात काय झालं, हे तिनं परत आल्यावर विचारलं नाही. ऐकलंच होतं कुठं तिनं!

जेवायला दयानंद एकटा पाटावर. समोर रांगोळी, समई, आणि ताटात एवढं, की बघूनच माणसाला घाम फुटावा. त्यानं दोन धोंडे कसेबसे खाल्ले. पंचफुलाबाईनं आग्रह करकरून तिसरा घातला, वर तुपाची धार. शेषेराव बाजूला बसून पंख्याचं तोंड जावयाकडं वळवत होता.

"लेकरू लई वाळल्यावानी दिसतंय गं," तो आत येऊन बायकोला हळूच म्हणाला. "इचार तरी तिला काही."

"आवो, शहरातल्या पोरी तशाच राहतात. तुम्ही तूप न्या आधी बाहेर."

मायलेकींची ताटं सगळ्यांच्या शेवटी. पंचफुलाबाईला उभं राहून राहून भोवळ आल्यासारखं झालं होतं. चार घास गिळून तिनं भिंतीला पाठ टेकली आणि तशीच डोळे मिटून घोरायला लागली. शिवकन्येनं तिच्या तोंडावरचा घाम पदरानं पुसला आणि भांडी घासायला नेली.

सकाळी आई ताजीतवानी उठली ती बॅग भरायलाच. कुरडया, पापड्या, लोणचं, राहिलेले धोंडे. लेकीचे कपडे तिनं दाबून दाबून तळाशी सारले. ते बघून दयानंद पुढं आला. आधीच बुजरा माणूस, त्यात सासूपुढं बोलायचं.

"मामी, मी काय म्हणत होतो... ही थोडे दिवस इथंच..."

"न्हाई न्हाई जावईबापू!" पंचफुलाबाईनं दोन्ही हात जोडले. "आमच्या घरात तसं चालत न्हाई. धोंडा जेवलेल्या जोडप्यानं जोडीनंच उंबरा उतरायचा. लेक मागं ठेवली तर गल्ली म्हणंल, जावई टाकून गेला. दिवाळीला आणा, मंग ऱ्हाऊ द्या महिनाभर."

दयानंदनं बायकोकडं बघितलं. तिनं नुसती मान हलवली, नका बोलू म्हणून. त्याला वाटलं, रात्री मायलेकींचं बोलणं झालंय आणि आता हिला घरीच जायचंय. म्हणून तो गप्प बसला. पंचफुलाबाईनं खण-नारळानं लेकीची ओटी भरली. "पुढच्या वर्षी भरल्या हातानं या, लेकरू घेऊन," असं गल्लीतल्या बायकांपुढं मोठ्यानं म्हणाली. सगळ्या हसल्या. शिवकन्या वाकून पाया पडली. ती जरा जास्तच वेळ वाकलेली राहिली, हे आईला आता आठवतं.

आठवड्यानं दयानंदचा फोन आला. "मामी, तिला तुम्ही एकदा फोन करता का? लई रडून राहिली. तुमच्यापाशी बोलल्यावर हलकी होईल वाटलं होतं, पण..."

"कशापायी रडायली? काय झालं?"

दयानंदनं चपापून विचारलं, "म्हंजी तिनं तुम्हाला सांगितलं न्हाई?"

मग त्यानं सांगितलं. पंचफुलाबाईनं फोन ठेवला आणि नवऱ्याला हाक मारली. पुरण, कढई, बॅग, ओटी, सगळं एकामागून एक डोळ्यांपुढं आलं. 'भरल्या हातानं या.' आपण म्हणालो ते! आपल्या तोंडानं! शेषेराव धावत आला. ती नुसती म्हणत राहिली, "मी तिला पुरण वाटायला बसवलं हो."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच एसटीनं निघाली. नांदेडला गाडी बदलली. खिडकीतून भाजणारं वारं येत होतं आणि ही मनातल्या मनात लेकीशी बोलत होती. आता तुला उठूच देत न्हाई. आता तू बोल, मी ऐकते. दिवसभर बोल.

लातूरला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. तिला धास्ती होती विहिणीची. अशी अचानक, मोकळ्या हातानं आलेली व्याहीण बघून ती काय म्हणेल! पण विहीणबाईनं तिला बघितलं, हात धरला आणि सरळ गच्चीवर नेलं. गच्चीवर पाणी मारून सतरंजी टाकली होती. दयानंद काकडी चिरत होता. शिवकन्या उशीला टेकून बसली होती. मधोमध मोठ्या परातीत सुशीला होता, भिजवलेल्या मुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी आणि वर दाण्याचा कूट. शेजारी ताकाचा तांब्या. एवढंच जेवण.

"बसा, संगंच जेवू," विहीणबाई म्हणाली. "उन्हाळाभर आमच्याकडं संध्याकाळी असंच. दहा मिनिटांत होतं, मंग बसायला वेळ मिळतो."

सगळे गोल करून बसले. विहीणबाईनं एक वाटी भरून सुनेच्या हातात दिली, तिनं थोडं ठेवलं तेव्हा न बोलता ताकाचा पेला पुढं केला. शिवकन्या तिच्या खांद्याला खांदा लावून बसली होती. त्या बसण्यात कुठं संकोच नव्हता. दयानंद काहीतरी ऑफिसातलं सांगत होता आणि शिवकन्या बारीक हसलीसुद्धा. याच बाईला भिऊन मी ते सगळं रांधलं, असं पंचफुलाबाईच्या मनात आलं आणि तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

जेवणं झाली. दयानंद भांडी घेऊन खाली गेला. पंचफुलाबाई सरकत सरकत लेकीजवळ गेली.

"शिवे, माझं चुकलं माय. लई चुकलं. आता सांग मला. बघ, मी बसले, कुठंच जाणार न्हाई."

शिवकन्येनं आईचा हात हातात घेतला. बोटांवर तेलाचे चटके होते, अजून नीट न भरलेले. त्यांवरून तिनं अंगठा फिरवला.

"तुला कळलंय की सगळं आई."

"तुझ्या तोंडून ऐकायचंय मला. तू म्हणली होतीस ना, बोलायचंय म्हणून."

"म्हणले होते." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "तिथून आल्यावर मी इथल्या आईंपाशी सगळं बोलले. दोन दिवस नुसतं तेच बोलत होते, त्या ऐकत होत्या. आता पुन्हा न्हाई गं बोलवत मला."

पंचफुलाबाईनं सतरंजीवर सांडलेले चार मुरमुरे एकेक करून वेचले.

"तू दमली असशील," शिवकन्या उठत म्हणाली. "इथंच गादी टाकू का खाली पंख्यात?"

"तू उठू नको, मी टाकते," विहीणबाईनं तिला खाली बसवलं आणि पंचफुलाबाईकडं वळून ती हसली. "आता आलात तर दोन दिवस ऱ्हा. पाहुण्यांनी लगेच जायचं नसतंय."