रोस्काम यांचा अंगठा

अॅमस्टरडॅममधल्या चित्रांच्या बैठकीत काहीजण चित्रं बघायला येतात, काहीजण बघणाऱ्यांची तोंडं. माझा तंबाखूचा धंदा, त्यामुळे मी तोंडं बघणाऱ्यांतला. त्या रविवारी दुपारी बैठक माझ्याच घरी होती आणि सगळ्यांत जास्त धूर सोडत होते झान्डमचे लाकूडवाले विगर्ट कोल. जावयाचा निकाल लागायचा होता ना!

जावई म्हणजे बारेंट टेर्वेन. हाताने काढलेल्या चित्राचा हुबेहूब ठसा तांब्याच्या पत्र्यावरून उमटवायचा, हे त्याचं वेड. "आज कुणी छापील कागद ओळखला, तर उद्यापासून वखारीत," असं सासऱ्यांनी बजावलं होतं.

मागच्या खेपेला चित्रांचे जुने संग्राहक लुबर्ट रोस्काम यांनी बारेंटच्या कागदाच्या कडेने नुसता अंगठा फिरवला होता. छापताना पत्र्याची कड कागदात रुतते, ती बोटाला लागली. "कागदाला मारलंय हो कुणीतरी, वळ उठलाय!" बैठक पोट धरून हसली होती.

या वेळी बारेंटने रोस्कामांच्याच संग्रहातलं गोठलेल्या कालव्याचं चित्र उसनं आणलं होतं. अस्सल आणि छापील, दोन्ही कागद हातोहात फिरले. कागद उलटून मागे बघायचं नाही हा आमचा रिवाज. ते म्हणजे पाहुण्याने यजमानाच्या पातेल्यावरचं झाकण उचलण्यासारखं.

रोस्कामांचा अंगठा दोन्हींवरून फिरला. परत फिरला. शेवटी त्यांनी एक कागद उंच धरला. "हे माझं. ह्यात थंडी वाजते. त्या दुसऱ्यात नुसती शाई."

"जावईबापू," कोल म्हणाले, "वखारीत उंदीर फार झालेत. या एकदाचे."

बारेंट शांतपणे म्हणाला, "रोस्कामसाहेब, आजच्या दिवस रिवाज मोडा. मागे बघा."

मागे कोरं. रोस्कामांच्या संग्रहाचा शिक्का होता, तो त्या 'नुसत्या शाई'च्या पाठीवर!

"आणि वळ? वळ कुठे गेला?" रोस्काम ओरडले.

"पत्राच कागदाहून मोठा घेतला," बारेंटची बायको आल्ट्ये म्हणाली. छापयंत्राचं चाक तीच फिरवते. "कड कागदावर पडलीच नाही. फिरवा किती अंगठा फिरवायचा तो!"

मग जो गलका झाला! टेबलं बडवली गेली, माझे चांगले मातीचे पाईप फुटले. रोस्काम लालबुंद झाले, पण माणूस दर्दी. "दोन्ही मला द्या," म्हणाले.

"एक तुमचंच आहे," आल्ट्ये म्हणाली. "दुसऱ्यासाठी थांबा. आधी बाबा."

कोल यांनी छापील कागद दोन्ही हातांनी उचलला. "वखारीत लावतो. गिऱ्हाईक विचारील, जावई कुठाय? सांगेन, त्याला वेळ नाही."