आटलेलं पाणी

"काका, तुमच्याकडचा मासा घरी नेला की किती दिवसांत मरतो?"

पैज नेमकी हीच होती. दुकानात गिऱ्हाइकं असताना, खणखणीत आवाजात, खडूसच्या डोळ्यांत डोळे घालून विचारायचं. दाराबाहेर तिघी मैत्रिणी तोंडावर दप्तरं धरून खिदळत होत्या. मागच्या वर्षीपर्यंत हजेरीला 'हजर' म्हणतानाही जिची जीभ टाळ्याला चिकटायची, ती मुलगी वक्तृत्वाचं बक्षीस मिळाल्यापासून अशी काही सुटली होती, की वर्गाने तिचं नावच ठेवलं होतं, तोफ.

मासेवाल्याचं खडूस हे नावही मुलांनीच ठेवलेलं. मासेवाल्याने टाकीत कोपरापर्यंत बुडवलेला हात बाहेर काढला आणि खांद्यावरच्या टॉवेलला पुसला. पाण्यात राहून राहून त्याची बोटं भेगाळून गेली होती.

"ते नेणाऱ्यावर असतं," तो म्हणाला. "तुझ्याकडे बघून वाटतं, दोन दिवस. त्याला तुझी बडबड ऐकावी लागली, तर एकच."

गिऱ्हाइकं हसली. दाराबाहेरच्या तिघीही हसल्या. फितूर कुठल्या! तोफेचे कान तापले. पैज खरं तर तिथेच संपली होती, पण माघार घेईल ती तोफ कसली? तिने कोपऱ्यातल्या टाकीकडे बोट दाखवलं.

"तो द्या. ठिपक्यांचा."

तो पफर होता. अंगठ्याएवढा, हिरवट पिवळा, आणि दोन डोळे दोन दिशांना फिरवत साऱ्या जगाकडे संशयाने बघणारा.

"तो नाही मिळणार. त्याला मचूळ पाणी लागतं. नदी समुद्राला मिळते तिथलं, धड गोडं नाही, धड खारं नाही. तुला नाही जमायचं."

'तुला नाही जमायचं' म्हणजे तोफेला बत्तीच.

"का नाही जमायचं? तुम्हाला जमतं ना?"

मासेवाला काही बोलणार, तेवढ्यात थबकला. तीसेक टाक्यांच्या बुडबुडाटात एका पंपाचा सूर किंचित बदलला होता. तो सरळ तिकडे गेला, एक नळी हलवली, परत आला. गिऱ्हाईक ताटकळलेलं त्याला चालायचं, पंप नाही.

"आधी टाकी लाव," तो म्हणाला. "महिनाभर माशाशिवाय चालव. मीठ टाकीत ओतायचं नाही, मी सांगतो त्या प्रमाणात बादलीत विरघळवून मग घालायचं. खायला गोगलगायी. कवच फोडलं नाही, तर त्याचे दात वाढत जातात आणि तो उपाशी मरतो. कळलं? आणि ही घेऊन जा." त्याने काचेची एक बारीक नळी पुढे केली. "पाण्यात तरंगते. पाणी किती खारट आहे, ते हिच्यावरून समजतं."

"अजून काही खपवायचं राहिलंय का काका?"

दाराबाहेर पुन्हा हशा पिकला, या वेळी तिच्या बाजूने. मासेवाल्याने नळी परत खोक्यात ठेवली.

तोफेने सगळं केलं बरं का! वाळू सात पाण्यांनी धुतली. महिनाभर बैठकीच्या खोलीत ती रिकामी टाकी गुळगुळ वाजत राहिली. बाबा म्हणायचे, "पाणी पाळलंय आमच्या बाईसाहेबांनी." महिना भरल्यावर ती पफर घेऊन आली. तो पहिल्याच दिवशी तिच्या बोटाला चावायला धावला. तिला तो फारच आवडला.

उन्हाळा होता. दिवसभर डोक्यावर पंखा. आठवड्यात टाकीतलं पाणी चार बोटं खाली जायचं आणि ती न चुकता भर घालायची. मासा मचूळ पाण्यातला, तेव्हा भरही मचूळ पाण्याचीच. बादली, मीठ, मोजून. काचेच्या काठावर पांढरी खर जमायची, ती रोज ओल्या फडक्याने टिपून पुन्हा टाकीतच पिळायची. काही वाया जायला नको! दीड-दोन महिन्यांनी मासा मलूल झाला, पोट काळवंडलं, गोगलगायी तशाच राहू लागल्या. मीठ कमी पडत असणार, असं म्हणून तिने मूठभर जास्त घातलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक मूठ.

आणि आज सकाळी तो उताणा तरंगत होता.

ती रडली. मग चिडली. चिडणं सोपं होतं.

"आजारी मासा गळ्यात मारला तुझ्या!" बाबा गरजले. ते परवान्यांच्या कचेरीत खिडकीवर बसायचे. कुठल्या दुकानाचं कुलूप कोणत्या कागदाने लागतं, हे त्यांना पाठ होतं. "संध्याकाळी तक्रार लिहून ठेवतो. तू फक्त सही कर. परवानाच थांबवतो त्याचा. माझ्या मुलीला फसवतो म्हणजे काय?"

शाळा सुटल्यावर टाकीतल्या पाण्याची बाटली घेऊन तोफ दुकानावर चालून गेली. मागे तिघी होत्याच. 'खडूस मेलेले मासे विकतो' हा निरोप त्यांनी दुपारीच शाळाभर फिरवला होता.

"हा घ्या पुरावा!" तिने बाटली गल्ल्यावर आपटली. दोन गिऱ्हाइकं वळून बघू लागली. "आजारी मासा दिलात तुम्ही. आज मेला."

मासेवाल्याने वर पाहिलं. "आज? दोन महिन्यांनी?"

"सकाळी."

त्याने बाटलीतलं पाणी उंच पेल्यात ओतलं आणि त्यात ती काचेची नळी सोडली. नळी बुडायलाच तयार नव्हती. अर्धीअधिक पाण्याबाहेर, ताठ उभी.

"समुद्रात सोडली तरी एवढी वर येत नाही," तो म्हणाला. "पाणी आटलं की काय घालायचीस?"

"मिठाचं पाणी. मोजून! तुम्हीच सांगितलेलं प्रमाण."

"पाणी उडून गेलं. मीठ उडालं का?"

तोफेने तोंड उघडलं. आणि तिला आईचं पातेलं दिसलं. गेल्याच आठवड्यात गॅसवर विसरलेलं, मिठाच्या पाण्याचं. पाणी सगळं आटून गेलेलं आणि बुडाला पांढरी साय धरलेली. टाकीच्या काठावरून ती रोज फडक्याने टिपायची तीच.

"आटलं की नुसतं गोडं पाणी घालतात," मासेवाला म्हणाला. "हे मी सांगायला हवं होतं. नळी दिली असती, तर सांगितलंही असतं."

तो कोपऱ्यातल्या, पफरच्या रिकाम्या टाकीपाशी गेला. तिथला दिवा अजून चालू होता. त्याने तो बंद केला.

"जा आता. आणि ती टाकी कुणालातरी देऊन टाक."

"चल गं, कसला बोलतोय बघ!" मागून एक मैत्रीण म्हणाली. "तू सोडू नकोस त्याला."

तिने रिकामी बाटली उचलली. घरापर्यंत ती तिघींच्या पुढे भरभर चालत राहिली. तिघींना वाटलं, तोफ नवा दारूगोळा भरते आहे.

घरी बाबांनी कागद तयार ठेवला होता. मोत्यांसारखं अक्षर, खाली सहीपुरती कोरी ओळ, शेजारी टोपण काढलेलं पेन. आई दाराशी उभी होती. पंपाचं बटण कुणी बंद केलं नव्हतं, रिकामी टाकी आपली गुळगुळत होती.

"ये. कर सही," बाबा म्हणाले. "उद्याच दाखल करतो. बघतोच, कसा उघडतो दुकान."

तिने पेन उचललं. त्याला टोपण लावलं.

"मी सही करणार नाही, बाबा. पाणी मीच बिघडवलं."

"तो म्हणाला आणि तू ऐकलंस? माझी मुलगी ना तू? घाबरलीस त्याला?"

"नाही." तिचा आवाज मागच्या वर्षीसारखा बारीक निघाला. तिने घसा खाकरला. "उद्या मी दुकानात जाणार आहे, त्या तिघींना घेऊन. गिऱ्हाइकं जमेपर्यंत थांबणार. आणि तेव्हा विचारलं होतं ना, तेवढ्याच मोठ्याने सांगणार आहे, की मासा मी मारला."