खड्ड्यात न गेलेली काच

नांदेडच्या रेणुकादास वकिलांच्या टेबलावर हैदराबादहून आणलेली, तापवून एकदम गार केलेली जाड काच होती. तिच्या काठाचा टवका उडाला, तेव्हा त्यांची बायको सौदामिनी म्हणाली, "कुणाच्या पायात भरायच्या आत फोडून पुरून टाकू."

अंगणात खड्डा खणला. काच गोणपाटात गुंडाळून सौदामिनीनं मधोमध वरवंटा घातला. काच जशीच्या तशी राहिली. मग नणंद इंदूनं कोपऱ्यावर हलकेच हातोडी मारली. फाटकन आवाज झाला आणि गोणपाट खाली बसलं.

भीत भीत त्यांनी ते उघडलं. आत अणकुचीदार तुकडा नव्हताच, खडीसाखरेसारखे दाणेच दाणे होते. इंदूनं ओंजळ भरली, तरी रक्ताचा थेंब आला नाही.

"वहिनी, हे मातीत नको," ती हळूच म्हणाली.

दोघी दाणे घेऊन लाखेच्या बांगड्या करणाऱ्या लक्ष्मीबाईकडे गेल्या. तिनं ते गरम लाखेत बसवले आणि बांगडी उन्हात धरली. भिंतभर उजेडाचे ठिपके हलले. लक्ष्मीबाई बघतच राहिली.

"लई वर्सांपासून हे काम करून राहिले," ती म्हणाली, "पण असं कधी पाहिलं न्हाई."

इंदूनं बांगड्या तिथंच भरल्या. घरी येईस्तोवर दोघी कितीदा तरी उन्हात थांबल्या.