पान सत्तेचाळीस

कोडोलीची बाळाबाई वर्षं आकड्यांनी नाही, बक्षिसांनी सांगायची. थोरल्या म्हशीला रेडी झाली, ते कवितेचं बक्षीस दोघांत वाटून दिलं ते वर्ष. लेक क्रांती नांदायला गेली ते वर्ष तर जिव्हारीच लागलेलं. त्या साली पुण्याच्या साहित्य संस्थेनं पेपरात छापलं होतं की, योग्य पुस्तक न मिळाल्यानं कादंबरीचं बक्षीस कुणालाच नाही.

"कुणालाच न्हाय?" बाळाबाई भर गल्लीत ओरडली होती. "मग आमचं पुस्तक काय तिथं चहाच्या कपाखाली ठेवलंया?"

आमचं म्हणजे तिच्या नवऱ्याचं, जोतीरामाचं. जोतीराम गावच्या दूध संस्थेत दूध मापायला होता. वीसबावीस वर्षं पहाटे माप घालता घालता रांगेतल्या माणसांची बोलणी त्यानं डोक्यात भरून घेतली आणि एक्क्याण्णव साली त्यांचीच कादंबरी काढली. गावानं कौतुक केलं, थट्टाही केली. बाळाबाईची शाळा दुसरीत सुटलेली. तिला अंक कळायचे, अक्षरं एकेक करून लागायची.

"वाचून दाखवू का?" तो म्हणाला होता.

"नगं. चुलीपाशी बसून कानात सांगायला ती काय चोरून आणलीया?"

जोतीराम हसला. "बक्षिसाच्या दिवशी स्टेजवरनं एक पान वाचत्यात. मी सत्तेचाळीसावं वाचायला लावतो. तुझं पान हाय ते."

बक्षीस मिळालं नाही. "असूंदे. फुडच्या वर्षी," एवढंच तो बोलला. आठ दिवसांनी त्याच संस्थेचा एक फॉर्म घेऊन आला. शिष्यवृत्ती. सहा महिने पुण्यात खोली देणार, जेवण देणार आणि नुसतं लिहायचं.

"आन धारा कोण काढणार?" बाळाबाईनं चारचौघांत विचारलं. "तुमची शिष्यवृत्ती म्हशीची शेपूट धरून बसंल व्हय?"

चौघं हसले, तोही हसला. दुसऱ्या दिवशी त्यानं फॉर्मच्या चार घड्या केल्या आणि आंघोळीच्या बंबात घातली. पुढच्या वर्षी दिवाळीच्या आत काविळीनं गेला.

मागं काय राहिलं, तर ट्रंकभर पुस्तकं आणि 'फुडच्या वर्षी'. बाळाबाईनं तो शब्द धरून ठेवला. आखाड्यात पडलेला पैलवान पुढच्या जत्रेला लांग कसून परत उतरतोच की, मग पुस्तकानं काय घोडं मारलंय? दर भाऊबीजेला ती ट्रंकेतनं चार पुस्तकं काढायची. परीक्षकाच्या नजरेतनं सुटायला नको म्हणून प्रत्येकाचं सत्तेचाळीसावं पान कोपऱ्यात दुमडायची, तेही तोंड भिंतीकडं करून, चुकून एखादं अक्षर दिसेल म्हणून. दिवाळीला माहेरी आलेली क्रांती त्यांवर संस्थेचा पत्ता घालायची. पोस्टात मात्र बाळाबाई स्वतः जायची.

"आई, मला तरी वाचू दे की गं ते पान," क्रांती एकदा म्हणाली.

"हात लावून बघ. स्टेजवरनंच वाचायचं ठरलंया."

अशी अकरा वर्षं गेली. दोन हजार चार साली, जोतिबाची चैत्री यात्रा झाल्यावर, भर दुपारी एक म्हातारा गोणपाटाचं गाठोडं घेऊन अंगणात उभा राहिला.

"जोतीराम मापाड्याचं घर हेच का?"

"व्हय. बसा पावणं. कुठलं म्हणायचं?"

"गाव राधानगरीकडचं. नाव आकाराम. नोकरी सगळी पुण्यात, त्या बक्षिसाच्या ऑफिसात शिपाई हुतो. टपाल मीच फोडायचो." त्यानं गाठोडं सोडलं. आत जोतीरामाची पुस्तकं होती, चाळीस-पंचेचाळीस तरी. "रद्दीत चालली हुती. रिटायर झालो तवा उचलली. डोंगरावर देवाला आलतो, म्हटलं ज्याची त्याला द्यावी."

बाळाबाईनं विचारलं, "रद्दीत? परीक्षकांनी वाचून?"

"न्हाय वो आक्का. छापल्या सालीच पुस्तक चालतंय. पहिल्या खेपेला त्यांच्या टेबलावर गेलं. फुडची सगळी माझ्या कपाटात."

"आमच्या मालकांनी तर फुडच्या वर्षी म्हटलं हुतं!"

आकारामानं मान खाली घातली. "फुडच्या वर्षी म्हंजी फुडचं पुस्तक, आक्का."

बाळाबाई न्हाणीकडं बघत राहिली. तांब्याचा बंब तिथंच होता, चिंचेनं घासून लख्ख. फुडचं पुस्तक. सहा महिने, एक खोली. तिच्या एका बोलण्याला गल्ली हसली होती, आणि तो पण हसला होता.

मग ती आकारामावरच उसळली. "आन तुमच्या हाताला काय झालं हुतं? अकरा वर्षांत एक कार्ड टाकता आलं न्हाय? गावात येडी ठरलो मी!"

"टाकणार हुतो," तो चाचरत म्हणाला. "पर कार्ड टाकलं असतं तर पुस्तक यायचं बंद झालं असतं. दरसाली एकाच पानाचा कान दुमडलेला. म्हटलं, हाय तरी काय त्यात? वाचलं. मग मागचं वाचलं, फुडचं वाचलं. दिवाळी झाली की मी तुमच्या टपालाची वाट बघायचो. तिथं पुण्यात आमच्याकडची बोली कोण बोलतंय, आक्का?"

बाळाबाईनं गाठोड्यातलं एक पुस्तक त्याच्या हातात दिलं आणि विचारलं, "बक्षीस वाटताना तुमी असायचा का तिथं?"

"असणारच की. स्टेजवर पाण्याचं तांबं मीच ठेवायचो."

"मग कसं वाचत्यात ते ठावं असंल."

ती आत गेली. बाहेर आली ती जांभळं इरकल नेसून. क्रांतीच्या लग्नानंतर त्याची घडी मोडली नव्हती. शेजारच्या शालूबाईला तिनं हाक मारली. "ये गं, अशी फुडं बस. टाळी कवा वाजवायची ते मी सांगतो." खुर्ची ओढून ती अंगणाच्या मधोमध बसली. पाण्याचा तांब्या सोप्याच्या पायरीवर ठेवला. "चढा वर पावणं. उभं ऱ्हाऊन वाचा. मोठ्यांदा."

आकारामानं टोपी नीट केली. पुस्तक उघडलं, पण नजर त्यात नव्हती.

"'चौथ्या नंबरला ती पोरगी असायची. त्या दिवशी मी तिच्या दुधाला फॅट कमी लावली. ती बोलली नाही. तिनं किटली उचलली आणि सगळं दूध माझ्या टेबलावर ओतलं. म्हणाली, आता माप. रजिस्टर भिजलं. संस्थेनं नवं दिलं, पण मी जुनंच वाळवून वापरलं. त्यानंतर रोज पहाटे चौथा नंबर येईपर्यंत माझं माप चुकायचं. अजून चुकतं. आता ती रांगेत नसते, घरात असते, आणि मी काहीही मापलं तरी कमीच आहे म्हणते. तिचं बरोबर असतं.'"

शालूबाईनं टाळीसाठी हात वर केले होते, ते तसेच राहिले.

"खोटं हाय," बाळाबाई म्हणाली. "टेबलावर न्हाय. त्यांच्या पायावर ओतलं हुतं."

"हितं टेबलच लिवलंया, आक्का."

"लिवूंदे." तिनं पदरानं तोंड पुसलं आणि खुर्चीत ताठ झाली. "शालू, अजून न्हाय. पावणं, पाणी प्या घोटभर, आन पहिल्यापास्नं वाचा. मघाशी चौथा नंबर म्हणताना लई घाई केलीसा."