श्रावणातली मुलं

श्रावणातल्या त्या दिवशी भुरी सकाळपासून पाटलाच्या कपाशीत निंदत होती. दुपारी कळा सुरू झाल्या आणि दिवेलागणीच्या आत ती मोकळी झाली. नरडाण्याजवळच्या भिलाटीत, भिल्लांच्या त्या वस्तीत, तीस वर्षं सुईणपण करणाऱ्या भिकुबाईने मुलगी हातावर घेतली, तेव्हा ओंजळीत काही आहे असं वाटेचना. पोरीला रडायचंही त्राण नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

नदीकाठी तिला पुरून परतताना भिकुबाईला भुरीचा थोरला आठवला. तो पौषात, ज्वारी घरात आल्यावर झाला होता. सुपात मावत नव्हता. कूस तर तीच. चालता चालता तिला आपल्या हातून पुरलेली मुलं एकेक करून आठवत गेली. बहुतेक आखाड-श्रावणातली. त्या दिवसांत कणग्या रिकाम्या, आणि बाया दिवसभर निंदणीला. घरी आधी पुरुष जेवत, मग मुलं. पोटुशीच्या वाट्याला उरलीसुरली आंबील. त्यात कुणाला वावगं वाटत नसे, कारण पोटुशीनं कमी खावं, मूल लहान राहतं, अडत नाही, असं भिकुबाईच घरोघर सांगत आली होती. तिला ते तिच्या आईने शिकवलं होतं.

दोन वर्षांनी भुरीला पुन्हा दिवस गेले. आखाडात एकदा जेवणवेळेला भिकुबाई तिच्या चुलीपुढे जाऊन बसली. भुरीचा नवरा धनसिंग औत सोडून नुकताच पाटावर बसला होता. टोपल्यात भाकरी दोनच.

“पह्यले भुरी जेवी,” भिकुबाई म्हणाली. “तोपावत मी हालनार नही.”

भुरीच्या सासूने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. “कमी खावानं, हाई तूच सांगेल शे ना?”

“हा, मीच सांगं. मी चुकनू. पोरं मन्हामुये मरनात.”

धनसिंगने टोपलं भुरीकडे सरकवलं. नवऱ्याआधी खायचं म्हणून तिला घास उतरेना. भिकुबाई धनसिंगकडे पाठ करून दोघांच्या मध्ये आड बसली, तेव्हा कुठे तिने भाकरी मोडली.

भादव्यात भुरीला मुलगा झाला. गुटगुटीत नव्हता, पण रडला आणि अंगावर पिऊ लागला.

भिलाटीत आणखी चार बाया पोटुशी होत्या. भिकुबाई हात धुऊन पुढच्या घराकडे निघाली. तिथेही आधी आपलीच चूक सांगायची होती.