माझ्या तोंडातले पितळी बूच

मित्रांनो, मी एक जुना गिझर आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या एका न्हाणीघरात गेली एकोणीस वर्षे भिंतीला लटकून आहे. पोटात पंचवीस लिटर पाणी मावते. सकाळी माझा लाल दिवा लागतो, अर्ध्या तासाने विझतो. उरलेले साडेतेवीस तास मी अंधारात असतो. सवय होते असे म्हणतात, मला तरी झालेली नाही.

कारखान्यातले फारसे आठवत नाही. तपासणीच्या बाईंनी पोटात पाणी कोंबून दाब दिला आणि मी गळलो नाही, तेव्हा त्या "चला, पास!" म्हणाल्या, एवढेच आठवते. माझी पहिली स्तुती ती.

घर एका घड्याळजींचे. डोळ्याला भिंग लावून ते तांदळाएवढे चाक जागच्या जागी बसवत. मला मात्र त्यांच्या बायकोने सांभाळले. माझे तापमानाचे बटण ती कायम मधोमध ठेवी. वर्षातून एकदा प्लंबरकाकांना बोलावून सगळे तपासून घेई. लेक लहान होती, तिला ती रोज बजावत असे, "आधी गार सोड, मग गरम. आणि कोपर बुडवून बघ. गिझर गरीब आहे गं, पाणी गरीब नसतं."

चार वर्षांपूर्वी ती गेली. लेक सासरी, दूरच्या गावी. तेव्हापासून मला कोणी फडक्यानेही पुसलेले नाही.

घड्याळजींना थंडी फार वाजू लागली. वय झाले की कातडीला गरम पाणीही कोमट लागते. त्यांनी माझे बटण शेवटपर्यंत फिरवले आणि तिथेच ठेवले. त्यातच इमारतीवर नवा पंप बसला. नळ सोडला की पाणी अंगावर धावून येऊ लागले. पाणी तापले की फुगते. वाढलेला दाब बाहेर जावा म्हणून माझ्या खालच्या अंगाला एक छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. नवा दाब सोसवेना, म्हणून मी त्यातून थेंब थेंब पाणी सोडू लागलो.

मित्रांनो, ते माझे रडणे नव्हते. तो माझा श्वास होता.

पण जन्मभर टिकटिक ऐकलेल्या माणसाला बेताल थेंब सहन होईना. "तीन थेंब, मग थांबतोस, मग दोन. काही ताळतंत्र?" असे ते मला एकदा रागावले. चार वर्षांत माझ्याशी कोणी बोलले ते एवढेच. मला त्याचाही आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कानशीने घासून एक पितळी बूच तयार केले आणि त्या भोकात घट्ट बसवले. काय सुबक काम! केसभरही फट नाही. थेंब थांबला. घड्याळजी खूश झाले आणि माझा तोंड दाबून बुक्क्यांचा मार सुरू झाला. दिवा लागला की पोट फुगे, सांधे कुरकुरत. सांगणार कुणाला?

एके सकाळी त्यांनी घाईत गरम नळ आधी सोडला. उकळते पाणी उसळून डाव्या मनगटावर आले. ते ओरडले, पण ओरडणे ऐकायला घरात मीच होतो. बराच वेळ त्यांनी हात गार पाण्याखाली धरला. तेवढ्यात लेकीचा फोन आला. "सगळं झकास गं," ते म्हणाले. "तू ठकूला पाठव. आठ दिवस राहील माझ्याकडे." त्या दिवसापासून ते पूर्ण बाह्यांचा सदरा घालू लागले.

ठकू ही त्यांची नात, पाच वर्षांची. ती यायच्या आदल्या दिवशी घड्याळजींनी तिच्यासाठी छोटी बादली आणली आणि गरम नळाखाली ठेवून पाहिली. मग जमिनीपासून नळापर्यंत पट्टी धरली. नळ बरोबर ठकूच्या गालाच्या उंचीवर येत होता. ते हातात पट्टी घेऊन उभेच राहिले. नंतर त्यांनी माझे विजेचे बटण बंद केले आणि प्लंबरकाकांना फोन लावला.

प्लंबरकाकांनी वाकून पाहिले आणि कपाळाला हात लावला. "हे बूच कुणी बसवलं?"

"मी," घड्याळजी जरा ऐटीतच म्हणाले.

"काम सुरेख आहे हो, पण जागा चुकली! पाणी तापलं की वीज तोडणारं आतलं बटण एक दिवस बिघडलं असतं ना, तर ही टाकी फुटली असती. भिंतीसकट."

घड्याळजी स्टुलावर बसले. प्लंबरकाकांनी मला पूर्ण गार होऊ दिले, पाणी बंद केले, मगच बूच काढले. जुना व्हॉल्व्ह बदलला. पंपाकडून येणाऱ्या नळीवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवला. तापमानाचे बटण पन्नास अंशांवर आणले. "याच्या वर जायचं नाही. आणि थेंब पडला तर पडू द्यायचा. फारच पडला तर मला बोलवायचं, कानस घ्यायची नाही."

आता लपवले असते तर कुणाला कळले असते? पण घड्याळजींनी त्याच दुपारी लेकीला फोन करून बूच, बटण, मनगट, सगळे सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले. मग ती म्हणाली, "बाबा, या खेपेला नको. पुढच्या सुट्टीत बघू."

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. फोन ठेवल्यावर ते न्हाणीघरात आले आणि छोटी बादली उचलून घेऊन गेले. मी इतका सुरक्षित कधीच नव्हतो, आणि इतका निरुपयोगीही.

आता रोज सकाळी आंघोळीआधी ते लेकीला फोन करतात. "पन्नासवर आहे गं," असे सांगतात. ती "बरं" म्हणते आणि कामाला लागते. ते फोन कानाला तसाच धरून थोडा वेळ उभे राहतात.

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. आमचे बटण बेताचे ठेवा, आमचा श्वास कोंडू नका, वर्षातून एकदा जाणत्या माणसाला दाखवा. आणि तुमच्या घरातले कोणी दूर एकटे राहत असेल तर पाणी किती गरम ठेवता ते त्यांना विचारा. उत्तर पन्नास आले, तरी फोन लगेच ठेवू नका.